जागा ५१२, मजकूर ५३६

२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. अमेरिकेतल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्यात त्या संध्याकाळी एक प्रोग्राम सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरात संगणक सांभाळणारी माणसं एकमेकांना फोन करत होती, कारण मेलवर विसंबण्यात अर्थ उरला नव्हता. त्या प्रोग्रामला आता मॉरिस वर्म म्हणतात. तो लिहिणाऱ्या मुलाची गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितली आहे. रॉबर्ट टॅपन मॉरिस, कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं वर्ष, वय २२, आणि वडील अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ. सिनेमाला शोभेल अशी गोष्ट आहे. पण त्या रात्रीच्या वेळा ओळीनं मांडल्या की मला दुसरंच काही दिसतं. उपाय काय, हे पहिल्या चोवीस तासांत कुणाला ना कुणाला सतत कळत होतं, कधी कधी तर अगदी नेमकं. आणि ते सांगणं दर वेळी वाटेत कुठेतरी अडकत होतं.

पुढच्या बहुतेक वेळा युटा विद्यापीठातल्या डॉन सीली यांनी घटनेनंतर लगेच जुळवलेल्या टिपणातल्या आहेत. त्यांनी सोयीसाठी सगळीकडे पश्चिम किनाऱ्याची वेळ धरली, मीही तीच ठेवतो. साडेतेरा तास मिळवले की आपली वेळ निघते. म्हणजे हे सुरू झालं तेव्हा मुंबई-पुण्यात गुरुवारचे सकाळचे साडेसात वाजले होते. त्या दिवशी मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोर उतरले होते आणि रात्री आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून तिकडे निघाले. अमेरिकेतल्या संगणकांना काय झालंय याची चौकशी आपल्याकडे कोण करणार होतं?

नऊ वर्षं आधी

युनिक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम सी लायब्ररीच्या जिवावर चालतो. ओळ वाचणं, अक्षरं छापणं, फाइल उघडणं ही रोजची कामं प्रत्येकानं नव्यानं लिहायची नसतात, ती लायब्ररीतून घ्यायची. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या लायब्ररीत ओळ वाचण्यासाठी दोन फंक्शनं होती. एक गेट्स (बिल यांचा काही संबंध नाही) आणि दुसरं एफगेट्स. एफगेट्सला सांगावं लागतं की ओळ कुठे ठेवायची आणि तिथे जागा किती आहे. गेट्सला फक्त कुठे ते सांगायचं. किती, हे विचारण्याची सोयच त्यात नाही. समोरून ओळ संपेपर्यंत येईल तेवढं ते घेत राहतं आणि ठेवत राहतं.

पंगतीतला वाढपी द्रोण केवढा आहे ते न बघता आमटी ओतत राहिला, तर ती शेजारच्या पानात जाते. मेमरीत त्या शेजारच्या पानात काय असतं हा खरा प्रश्न. फंक्शनचं काम संपल्यावर प्रोग्रामनं परत कुठे जायचं, तो पत्ता तिथेच जवळ लिहिलेला असतो. तोच पुसून त्यावर दुसरा पत्ता लिहिता आला, तर प्रोग्राम निमूटपणे तिकडे जातो.

हे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. गेट्स लांब ओळीला फसतं हे सी लिहिणाऱ्यांना माहीत होतं. पण समोरून येणारी ओळ लांब असेल ती चुकून, मुद्दाम कोण पाठवणार, असा तो काळ होता. बर्कलेच्या ४.३ बीएसडी या युनिक्समध्ये फिंगरडी नावाचा एक छोटासा सर्व्हर होता. अमुक नावाचा माणूस कोण, तो आत्ता मशिनवर आहे का, असं दुरून विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी तो एक ओळ वाचायचा. ओळीसाठी राखलेली जागा होती ५१२ बाइट. वाचायला गेट्स.

बुधवार, संध्याकाळी ६ च्या सुमारास

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत प्रेप नावाचं एक व्हॅक्स ११/७५० मशिन होतं. वर्मच्या फायलींवरची सगळ्यात जुनी तारीख-वेळ तिथे सापडली. मॉरिस बसला होता इथाका गावी, कॉर्नेलमध्ये. कॉर्नेलवर संशय येऊ नये म्हणून त्यानं सोडायला एमआयटी निवडलं. प्रेपची निवड तर फारच सोयीची ठरली. त्याचं लॉगिंग दोन आठवडे बंद पडलेलं, कोण किती वेळ काय चालवतं याचा हिशेब ठेवला जात नव्हता, डिस्कचा बॅकअप नाही आणि सार्वजनिक खात्यांवर कुणीही यावं-जावं असा मोकळा कारभार.

६:२४

पश्चिम किनाऱ्यावरची पहिली नोंद सांता मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनमधली. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर यायला अर्धा तासही लागला नाही.

७:०४

बर्कलेचं मुख्य गेटवे मशिन लागण झालेलं आढळतं. ज्या बीएसडी युनिक्सच्या चुकांवर वर्म जगत होता, ते घडवणारा गट याच विद्यापीठातला, कॉम्प्युटर सिस्टिम्स रिसर्च ग्रुप. माइक कॅरल्स आणि फिल लॅप्सली यांना थोड्याच वेळात कळतं की मशिनवर काहीतरी परकं चाललंय. गावाला आग लागावी आणि बंबवाल्यांच्या घरापासूनच ती सुरू व्हावी, तसा योग. एका अर्थानं हे नशीबच म्हणायचं, कारण मूळ सोर्स कोड हाताशी असलेली माणसं पहिल्या तासातच जागी झाली.

७:५४

मेरिलँड विद्यापीठाच्या मिम्झी या मशिनच्या फिंगरडीला एक ओळ येते. ५३६ बाइटांची.

हल्ला काय होता ते इथेच सांगायला हवं. फिंगरडी ती ओळ गेट्सनं वाचतो. ५१२ बाइट भरतात, उरलेले २४ पुढे सांडतात. सांडलेल्या भागात परतीचा पत्ता असतो, त्याच्या जागी नवा पत्ता येतो, आणि तो पत्ता असतो त्याच ओळीच्या पोटात दडवलेल्या व्हॅक्सच्या थोड्याशा मशिन कोडचा. ओळ वाचून झाली की फिंगरडी तिथे उडी मारतो आणि शेल सुरू करून देतो. दूरवरच्या मशिनवर आता आज्ञा देता येतात. पासवर्ड नाही, खातं नाही, कुणी कुणाला फसवून काही क्लिक करायला लावलेलं नाही. कुणी आहे का, असं विचारणाऱ्या एका प्रश्नातून थेट शिरकाव.

हे फक्त व्हॅक्सवर जमत होतं. सन कंपनीच्या मशिनवर मेमरीची मांडणी निराळी, त्यामुळे तिथे फिंगरडी नुसताच कोलमडायचा. पण वर्मकडे आणखी वाटा होत्या.

८:२८

मिम्झीवर दुसऱ्या वाटेनं हल्ला होतो, सेंडमेलमधून. सेंडमेल हा मेल पोचवणारा प्रोग्राम. त्यात चाचणीच्या सोयीसाठी डीबग नावाची एक अवस्था होती. त्या अवस्थेत मेल माणसाच्या नावाऐवजी थेट एखाद्या आज्ञेच्या नावे पाठवता यायची. विकसकांसाठी ठेवलेली ही सोय असंख्य मशिनवर तशीच उघडी राहून गेली होती. वर्म मेलमधून सी भाषेतला ९९ ओळींचा एक प्रोग्राम पाठवायचा, समोरच्याच मशिनच्या कंपायलरकडून तो बांधून घ्यायचा, आणि तो बांधलेला प्रोग्राम मागे फिरून वर्मचा उरलेला ऐवज ओढून आणायचा.

तिसरी वाट पासवर्डची. खात्याचं नाव, तेच उलटं, माणसाचं खरं नाव, मग ४३२ शब्दांची स्वतःची यादी, आणि शेवटी मशिनवरचाच शब्दकोश. हे मॉरिसचं घरचंच वाचन म्हणायला हरकत नाही. वडिलांनी केन थॉम्पसन यांच्याबरोबर १९७९ साली पासवर्डवर एक निबंध लिहिला होता. त्यासाठी त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले आणि बहुतेक सहज ओळखण्याजोगे निघाले. नऊ वर्षांनीही लोक तेच ठेवत होते.

८:४०

बर्कलेत सेंडमेलचा डाव उलगडतो. फिंगरमध्येही काहीतरी विचित्र दिसतंय हे लक्षात येतं, पण काय ते नाही. मंडळी एकेक सेवा बंद करायला लागतात. वर्म सुटून पावणेतीन तास झालेत.

८:४९ ते ११:२१

युटा विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाचं मध्यवर्ती मशिन व्हॅक्स ८६००. सीली इथलेच, म्हणून इथली टिपणं नाडी मोजल्यासारखी नेमकी आहेत. किती प्रोग्राम एकाच वेळी रांगेत उभे आहेत हे सांगणारा एक आकडा असतो, लोड. रात्रीच्या वेळी असं मशिन साधारण अर्ध्यापासून दोनपर्यंत असतं.

८:४९ ला लागण. ९:२१ ला लोड ५. ९:४१ ला ७. १०:०१ ला १६. १०:०६ ला एकाच वेळी चालू शकणाऱ्या प्रोग्रामांची शंभराची मर्यादा भरते आणि मशिन निरुपयोगी होतं. १०:२० ला तिथला एक जण हातानं एकेक वर्म मारतो. १०:४१ ला लोड २७. १०:४९ ला तो मशिनच बंद करतो. पुन्हा सुरू झाल्यावर ११:२१ ला लोड ३७.

मारलेलं परत का येतं? याच्या उत्तरातच मॉरिसची खरी चूक आहे, आणि ती सुरक्षेची नाही, हिशेबाची आहे. एका मशिनवर एकच प्रत असावी असं त्यालाही वाटत होतं. नवी प्रत आली की ती आधीच्या प्रतीला शोधायची आणि दोघींपैकी एकीनं थांबायचं. पण मग त्याच्या मनात आलं, की एखादा हुशार माणूस मशिनवर खोटीच प्रत असल्याची बतावणी करून वर्मला परतवेल. म्हणून त्यानं सातांतल्या एका प्रतीला सूट दिली. तिनं कुणालाही विचारायचं नाही, सरळ राहायचं. मशिनं एकमेकांना तासाला किती वेळा गाठतील याचा अंदाज त्यानं बांधला असेल, तर तो पार चुकला. वर्मनं एकही फाइल पुसली नाही, कुणाचं काही बाहेर नेलं नाही. मशिनं पडली ती प्रतींच्या गर्दीनं. सातच्या जागी सात हजार लिहिलं असतं, तर कदाचित कित्येक दिवस कुणाला पत्ताही लागला नसता. विचार केला की हीच शक्यता मला जास्त भयंकर वाटते.

वर्मच्या आतही एक फसलेला कोड होता. पंधरातून एकदा त्यानं बर्कलेच्या अर्नी या मशिनला एक बाइट पाठवायचा होता, बहुधा तपास करणाऱ्यांनी भलतीकडे बघावं म्हणून. तो पाठवण्यासाठी चुकीच्या जातीचं फंक्शन वापरल्यामुळे एकही बाइट कधी गेला नाही.

११:२८

नासाच्या एम्स केंद्रातले पीटर यी, जे त्या वेळी बर्कलेतच या मंडळींबरोबर बसले होते, पहिला जाहीर इशारा धाडतात. इंटरनेटवर व्हायरसचा हल्ला चाललाय, बर्कले, सॅन डिएगो, लिव्हरमोर, स्टॅनफर्ड आणि एम्सला फटका बसलाय, अमुक सेवा बंद करा. बंद करायच्या यादीत मेल पोचवणारी सेवाही आहे. सल्ला बरोबर आहे. पण जो तो पाळेल, त्याला पुढचा सल्ला मेलनं मिळणार नाही.

गुरुवार, रात्री १२:३४

या सगळ्या घटनाक्रमातली माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

मॉरिसला एव्हाना कळून चुकलंय की प्रकरण हाताबाहेर गेलंय. तो हार्वर्डमधल्या मित्राशी फोनवर बोलतो. त्यातून निरोप जातो हार्वर्डमधल्याच अँडी सडथ यांच्याकडे, आणि ते निनावी मेल लिहितात. इंटरनेटवर बहुधा एक व्हायरस मोकाट सुटलाय, आपल्याला मिळालेल्या निरोपाचा सारांश असा, असं म्हणून पुढे माफी आणि तीन उपाय. फिंगरडी चालवू नका, किंवा ओळ वाचताना तो आपली जागा ओलांडणार नाही असा दुरुस्त करा. सेंडमेल डीबगशिवाय नव्यानं कंपाइल करा. दुरून आज्ञा चालवू देणारी रेक्सेकडी ही सेवा बंद ठेवा.

तीन ओळींत सगळं आलं. बर्कलेला फिंगरचं कोडं सुटायला अजून साडेचार तास आहेत आणि सुटलेलं कळायला त्याहून कितीतरी जास्त. इथे उत्तर लिहून तयार आहे, थेट ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून आलेलं.

मेल रिले.सीएस.नेट या गेटवेवर पोचते. वर्मला थोपवण्यासाठी तो गेटवे बंद केलेला आहे. मेल तिथे पडून राहते, जवळजवळ दोन दिवस.

पहाटे २:५४

बर्कलेचे कीथ बॉस्टिक सेंडमेलची दुरुस्ती प्रसिद्ध करतात. डीबग काढून नव्यानं कंपाइल करा. ज्यांच्याकडे सोर्स नाही त्यांच्यासाठी, बांधलेल्या प्रोग्रामच्या आत जाऊन डीबग ही अक्षरंच पुसून टाका. देशभरातल्या मुख्य मुख्य सिस्टिम सांभाळणाऱ्यांना ती थेटही पाठवली जाते. ज्यांनी घाबरून केबल उपटली होती त्यांच्यापर्यंत अर्थातच ती जात नाही. आणि केबल उपटणं हा त्या रात्री अनेकांना सुचलेला पहिला उपाय होता.

या दुरुस्तीलाही दुरुस्ती लागली. डीबगची अक्षरं पुसून तिथे शून्य बाइट भरायला सांगितलं होतं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्यामुळे डीबगची आज्ञा म्हणजे कोरी ओळ असा अर्थ होतो. आता नुसती रिकामी ओळ पाठवली तरी सेंडमेल डीबगमध्ये शिरेल. या वर्मपुरता उपाय चालला असता, पण दार पूर्वीपेक्षा जास्तच उघडं. मग शून्याऐवजी दुसरा बाइट भरा अशी सुधारित सूचना निघाली. रात्रभर जागलेल्या माणसांनी पहाटे तीनला लिहिलेल्या पॅचचं असं होतं. पॅच लिहिणाऱ्या कुणालाही यात हसू येणार नाही.

त्याच पहाटे कधीतरी एमआयटीच्या प्रेपवरची, कोण आलं-गेलं याची नोंद ठेवणारी फाइल नाहीशी झाली.

५:०७

बर्कलेतलाच एडवर्ड वँग फिंगरचा हल्ला उलगडतो. गेट्स, ५१२, परतीचा पत्ता, सगळं. तो तसं कळवतोही. माइक कॅरल्स यांच्या नजरेला तो निरोप पडतो बारा तासांनी. दोघे एकाच विद्यापीठात, वर्मवरच काम करणारे. गेटवे बंद नव्हता, केबल उपटलेली नव्हती. निरोपांच्या ढिगात एक निरोप बहुधा खाली राहिला, इतकंच.

सकाळी ९

बर्कलेत वार्षिक युनिक्स कार्यशाळा सुरू होते. मुहूर्त तर बघा. देशभरातली चाळीसेक मातब्बर मंडळी, म्हणजे नेमकी ज्यांनी आपापल्या ठिकाणी मशिनं सावरायला हवी होती ती, बर्कलेत जमलेली, आणि घरी आग. काही जण सकाळचं विमान पकडणार होते, ते तिकडेच अडकले. बॉस्टिक यांचा दिवस फोनवर गेला.

लष्करानं आपलं मिलनेट हे जाळं गुरुवारी अर्पानेट या संशोधन संस्थांच्या जाळ्यापासून तोडलं. दोन्हींमध्ये मेलची ने-आण करणारे पूल बंद. शुक्रवारपर्यंत ते तसेच होते.

दुपारी ३ च्या सुमारास

एमआयटीहून बर्कलेला फोन येतो, मेल नव्हे. फिंगरची चूक कशी वापरली जाते याचं उदाहरणच त्यांच्याकडे तयार आहे. म्हणजे एकच शोध तिसऱ्यांदा लागला. रात्री साडेबाराला तो हार्वर्डहून निघालेल्या मेलमध्ये होता, पहाटे पाचला बर्कलेतल्याच एका निरोपात, आणि आता पोचला तो टेलिफोनच्या तारेवरून.

४:२६ ते ७:१८

डेव्ह पेअर नावाचा प्रोग्रामर स्वतःची हत्यारं घेऊन येतो आणि वर्मचा मशिन कोड उलगडून पुन्हा सी भाषेत आणायचं काम वेग घेतं. वर्मनं आतले शब्द सहज वाचता येऊ नयेत म्हणून एका ठराविक आकड्यानं झाकून ठेवलेत, पण तो पडदा पातळच आहे. एमआयटीत समांतर काम चाललंय, दोन्हीकडून कोडची देवाणघेवाण होते. सहाच्या सुमारास बर्कलेची मंडळी बाहेरून कॅलझोने मागवतात. सीलींनी ही नोंदही वेळेसकट ठेवली आहे, आणि अशा नोंदींमुळेच माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसतो.

७:१८ ला बॉस्टिक फिंगरडीची दुरुस्ती प्रसिद्ध करतात. गाभ्यात ती एका ओळीची आहे. गेट्सच्या जागी एफगेट्स, आणि सोबत जागा किती ते.

वर्म सुटून पंचवीस तास झाले होते. एफगेट्स त्याच लायब्ररीत, त्याच फाइलींच्या घोळक्यात, नऊ वर्षं बसून होतं.

शुक्रवार

पहाटे सहाला बर्कलेचे लोक दोनेक तास झोपायला गेले. दुपारी १२:३६ ला एमआयटीच्या थिओडोर त्सो यांनी जाहीर केलं, की वर्म पूर्णपणे उलगडला आहे. संध्याकाळी कार्यशाळेच्या शेवटी त्यावर छोटंसं भाषणही झालं. सडथ यांची मेल लोकांपर्यंत आली ती साधारण याच सुमारास. ती आपणच लिहिली हे त्यांनी शनिवारी मान्य केलं. त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जॉन मार्कॉफ यांनी मॉरिसचं नाव छापलं.

नंतर

किती मशिनं बाधित झाली? सहा हजार, असं सगळीकडे छापलेलं असतं. मॉरिसचे मित्र पॉल ग्रॅहम यांनी हा आकडा शिजताना आपण हजर होतो असं पुढे लिहिलं. इंटरनेटवर साठेक हजार संगणक असतील आणि त्यातले दहा टक्के बाधित झाले असतील, असे दोन अंदाज कुणीतरी एकमेकांना गुणले. नुकसानीचा सरकारी अंदाज एक लाख ते एक कोटी डॉलर असा होता. ज्या अंदाजाची दोन टोकं शंभर पटींनी दूर आहेत, त्याला अंदाज का म्हणावं, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला असेल.

मॉरिसवर खटला चालला. २२ जानेवारी १९९० ला सिरॅक्यूजच्या न्यायालयात ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. १९८६ च्या संगणक गैरवापर कायद्याखाली ज्युरीनं दोषी धरलेला तो पहिलाच. शिक्षा तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. सोडायला त्यानं निवडलेलं तेच विद्यापीठ.

अमेरिकेच्या संरक्षण संशोधन विभागानं त्याच नोव्हेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट ही तुकडी उभी केली. अशा वेळी कुणाला फोन करायचा, हे तरी ठरलेलं असावं म्हणून. आपल्या देशातली सर्ट-इन त्याच नमुन्यावरची, २००४ पासूनची.

आणि गेट्स? ते कुणी काढलं नाही. १९८९ च्या सी मानकात ते होतं, १९९९ च्या मानकातही होतं, कारण काढलं तर जुने प्रोग्राम बांधले जाणार नाहीत. लायब्ररी सांभाळणाऱ्यांची ही कायमची कोंडी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. वाईट फंक्शन बदलता येत नाही, कारण बाहेर किती जण त्याच्यावर उभे आहेत हे आतून दिसत नाही. जीएनयूच्या सी लायब्ररीनं मधला मार्ग काढला. प्रोग्राम बांधताना गेट्स दिसलं की लिंकर बजावतो, हे धोकादायक आहे, वापरू नका. माझ्या पिढीतल्या कितीतरी इंजिनिअरिंगच्या पोरांनी टर्बो सी सोडून लिनक्सवर येताना आयुष्यातली पहिली सुरक्षा सूचना पाहिली ती हीच, आणि प्रॅक्टिकल सबमिट करायची घाई असल्यामुळे दुर्लक्षिलीही. २०११ च्या सी मानकातून गेट्स अखेर वगळलं गेलं. त्या रात्रीला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.

याच जीएनयू लायब्ररीत १० नोव्हेंबर २००० ला, २.२ या आवृत्तीबरोबर, एक नवी चूक आत आली. मशिनच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या फंक्शनमध्ये लागणाऱ्या जागेचा हिशेब करताना एका पॉइंटरची जागा धरायची राहिली. ३२ बिटांच्या मशिनवर चार बाइट सांडत, ६४ बिटांच्या मशिनवर आठ. २१ मे २०१३ ला ती दुरुस्तही झाली. पण ती साधी चूक म्हणून दुरुस्त झाली. सुरक्षेशी संबंध आहे असा शेरा तिच्यावर नव्हता. लिनक्सच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्त्या जुनीच लायब्ररी ठेवतात आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून लावतात. शेरा नाही, म्हणून ही लावली गेली नाही. डेबियन ७, रेड हॅट ६ आणि ७, उबुंटू १२.०४ हे सगळे वीस महिने दुरुस्ती उपलब्ध असूनही उघडे राहिले.

क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ते २७ जानेवारी २०१५ ला जाहीर केलं. नाव ठेवलं घोस्ट. एक्झिम या मेल सर्व्हरला नुसती मेल पाठवून ताबा घेता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. या वेळी निरोप वेळेत गेला. लिनक्सच्या कंपन्यांना आधी गुपचूप कळवलेलं होतं, पॅच त्याच मंगळवारी तयार होते. पण नवी लायब्ररी डिस्कवर आली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतात, आणि सी लायब्ररी तर जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो. त्यामुळे पॅच लावून झाल्यावर पुढचं काम होतं सेवा एकेक करून बंद करून पुन्हा सुरू करण्याचं, किंवा सरळ सर्व्हर रीबूट करण्याचं. वर्षानुवर्षं न थांबलेल्या सर्व्हरच्या मालकांकडून त्यासाठी परवानगी मिळवणं, हे पॅच लावण्याहून कितीतरी जास्त वेळ घेणारं काम होतं.